तोंड लाल, पेग शून्य

रायपूरचे पोस्टिंग सांगितले की लोक दोनच गोष्टी विचारतात: नक्षलवाद आणि उन्हाळा. पहिल्याबद्दल इथे लिहिण्यासारखे काही नाही. दुसऱ्याबद्दल मात्र लिहितो, कारण तो माझ्या तोंडावरच उमटलेला असतो. मला रोझेशिया आहे.

हा शब्द आपल्याकडे फारसा कुणी ऐकलेला नसतो. मीही चाळिशीपर्यंत ऐकला नव्हता. गाल, नाक, कपाळाचा मधला भाग आणि हनुवटी यांवर लाली येते. आधी येते आणि जाते, मग येते आणि मुक्काम ठोकते. त्यावर बारीक पुटकुळ्या येतात, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की या वयात याला मुरुमे कशी? नाकाच्या कडेला लाल रेघांसारख्या रक्तवाहिन्या दिसू लागतात. आग होते, चुरचुरते. हा संसर्गजन्य नाही आणि जिवावर बेतणाराही नाही, पण तो कायमचा बरा होत नाही. ताब्यात ठेवता येतो. एका वाक्यात सांगायचे तर मधुमेहासारखा पाहुणा, फक्त बसलेला तोंडावर.

हा आजार साधारण तिशीनंतर डोके वर काढतो. पुस्तकांत तो गोऱ्या युरोपियन लोकांचा आजार म्हणून रंगवलेला असायचा. बिल क्लिंटन यांनाही तो आहे. पण गव्हाळ आणि सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून आपल्याकडे तो ओळखलाच उशिरा जातो. माझेही तसेच झाले. सुरुवात लडाखमध्ये झाली. बाहेर उणे तापमान आणि बोचरा वारा, आत तंबूत रॉकेलची बुखारी, आणि दिवसभर त्या उंचीवरचे धारदार ऊन. रोझेशियाला चिथवणाऱ्या गोष्टींची यादी काढायला बसलो तर याहून चांगला पत्ता सापडणार नाही. सगळ्यांचीच तोंडे तिथे रापतात, म्हणून माझ्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. खाली आल्यावर बाकीच्यांची तोंडे पूर्ववत झाली, माझे झाले नाही.

पुढची दोन वर्षे निदानांची सर्कस होती. कुणी म्हणाले पिंपल्स, कुणी म्हणाले अ‍ॅलर्जी. आई फोनवर म्हणाली, "पित्त झालंय तुला, कोकम सरबत घे." सासूबाईंनी चंदनाचे खोड आणि सहाण पाठवली. शेवटी पुण्यात कमांड हॉस्पिटलमध्ये त्वचारोगतज्ज्ञ असलेल्या लेफ्टनंट कर्नल मॅडमनी पाच मिनिटे चेहरा पाहिला, डोळ्यांच्या पापण्या पाहिल्या आणि विचारले, "सर, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते का?" मला ते वाटत होते, पण त्याचा चेहऱ्याशी काही संबंध असेल असे कधी मनात आले नव्हते. रोझेशिया डोळ्यांतही शिरतो. ज्याला फायरिंग रेंजवर उभे राहायचे आहे त्याने हे ध्यानात ठेवावे.

आता खरे दुखणे सांगतो. लाल नाक आणि लाल गाल म्हणजे दारू, हे समीकरण जगभर पक्के आहे. फौजेत तर विचारायलाच नको. दारूने काहींची लाली भडकते हे खरे, पण रोझेशिया दारूमुळे होत नाही, आणि थेंबही न घेणाऱ्याला तो होतो. मी मेसच्या पार्टीत लिंबूपाणी घेऊन उभा असतो आणि कुणीतरी पाठीवर थाप मारून म्हणतो, "क्या बात है सर, आज जल्दी शुरू हो गए!" हसून सोडून देतो. पण एकदा एका वरिष्ठांनी सकाळच्या ब्रीफिंगनंतर बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारले, "सब ठीक है ना? घर पे?" तेव्हा हसता आले नाही. कमांडरचा चेहरा हा त्याच्या हाताखालच्या लोकांसाठी रोजचा हवामान अंदाज असतो. साहेब चिडलेत का, थकलेत का, रात्री जास्त झाली का, हे जवान तोंड पाहून ठरवतात. माझा चेहरा मी शांत असतानाही 'साहेब तापलेत' असे जाहीर करत असे. काही जण महत्त्वाची गोष्ट सांगायला यायचे आणि तोंड पाहून परत जायचे. हे मला सुभेदार साहेबांनी सांगितले तेव्हा कळले. त्यानंतर मी सरळ सांगायला लागलो: "ही कातडीची बिमारी आहे, राग आला तर मी तोंडाने सांगेन."

उपचारांचे म्हणाल तर ते साधे आहेत, पण चिकाटी मागतात. मेट्रोनिडाझोल किंवा अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिडचे जेल, आयव्हरमेक्टिनचे १ टक्का क्रीम, आणि जोर वाढला की कमी मात्रेत डॉक्सिसायक्लिन. यातल्या दोन नावांशी आपली जुनी ओळख आहे. आयव्हरमेक्टिन कोविडच्या काळात घरोघरी पोचले होते. ज्या संशोधनातून ते निघाले त्यासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले. ते मुळात परजीवी मारणारे औषध. आपल्या सगळ्यांच्याच चेहऱ्यावर डेमोडेक्स नावाचे, डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. रोझेशियात त्यांची संख्या बरेचदा वाढलेली सापडते. डॉक्सिसायक्लिन मलेरियापासून बचावासाठीही देतात. रोझेशियात ते जंतू मारण्यापेक्षा दाह कमी करण्यासाठी वापरतात. गंमत अशी की याच गोळीने कातडी उन्हाला अधिक हळवी होते. ज्या उन्हापासून वाचायचे, त्याच उन्हात गोळी घेऊन उभे राहायचे. म्हणून सनस्क्रीन आणि रुंद काठाची जंगल हॅट हा औषधाचाच भाग. आणि हे सगळे डॉक्टरच्या सल्ल्याने. माझे नाव सांगून मेडिकलवाल्याकडून घेऊ नका.

दुसरा भाग म्हणजे डायरी. मॅडमनी सांगितले होते की प्रत्येकाचे शत्रू वेगळे असतात, तुमचे तुम्ही शोधा. मी कोल्हापूरचा. तांबडा रस्सा पहिला आरोपी असणार याची मला खात्री होती आणि त्याचीच भीती होती. दोन महिने पेट्रोल रिपोर्ट लिहावा तशी नोंद ठेवली: काय खाल्ले, किती ऊन, किती धावलो, किती वाजता लाली आली. रस्सा बराचसा निर्दोष सुटला. दोषी निघाला चहा. तोही चहा म्हणून नव्हे, उकळता म्हणून. तोच चहा कोमट करून घेतला तर काही होत नाही. आता माझ्या टेबलावर चहा निवत पडलेला असतो आणि नवीन रनर बिचारा दर वेळी विचारतो, "साहब, गरम करके लाऊँ?"

दाढीचे वेगळे प्रकरण आहे. खडकवासल्याला एनडीएत पहिल्या दिवसापासून जे डोक्यात बसले ते असे: सूर्य उगवो न उगवो, दाढी झालीच पाहिजे. तीस वर्षांची ती सवय रोझेशियासाठी बदलावी लागली नाही, फक्त पद्धत बदलली. कोमट पाणी, बिनवासाचे क्रीम, धारदार ब्लेड, केसांच्या दिशेनेच एक हात. तुरटी बंद, झोंबणारे आफ्टरशेव्ह बंद. वार्षिक मेडिकलमध्ये शेप-१ आहे आणि होता. यामुळे काम अडले नाही.

आणि मग रायपूर. मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो. २५ मेपासूनचे नऊ दिवस म्हणजे नवतपा. विदर्भातल्या वाचकांना हा शब्द समजावून सांगायला नको. पण मला या शहराने दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे गमछा. इथे दुपारी स्कूटरवरची कॉलेजची मुलगी असो की सायकलवरचा म्हातारा, तोंडाला सुती गमछा गुंडाळलेला असतो. सुट्टीच्या दिवशी मीही तो बांधतो आणि तात्यापाऱ्यात भाजी घ्यायला जातो. भोसल्यांच्या काळापासून मराठी वस्ती असलेल्या त्या गल्ल्यांत मराठीत भाव करता येतो. दुसरी गोष्ट बोरे बासी. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा, हिरवी मिरची, चटणी, भाजी यांच्याबरोबर थंडगार खायचा. छत्तीसगडचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हे खाऊन उन्हात उभा राहतो. माझ्या तोंडाला तो नाश्ता मानवला. मिरची तेवढी मी बाजूला ठेवतो.

हे सगळे लिहायला बसलो त्याचे कारण मात्र माझा चेहरा नाही. आमच्याकडे सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला एक लान्स नायक आहे. चोवीस-पंचवीस वर्षांचा, चुणचुणीत. मार्चमध्ये त्याच्या लक्षात राहण्यासारख्या दोन गोष्टी झाल्या: त्याचे लग्न ठरले आणि त्याने हसणे सोडले. परेडला तोंड लालभडक, गालांवर पुटकुळ्या, आणि गालावर चक्क केसांची लव वाढलेली. मला ते तोंड ओळखीचे वाटले, आणि नाहीही. बोलावून विचारले.

"काय लावतोस तोंडाला?"

"काही नाही साहेब, साधी गोरं व्हायची क्रीम."

"किती दिवस?"

"दोन वर्षं झाली असतील. आता बंद केली की तोंड पेटतं साहेब. लावली की तासाभरात थंड."

ट्यूब आणायला सांगितली. बारीक अक्षरांत तीन नावे होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. तिसरे म्हणजे स्टिरॉइड. दुकानदाराने चिठ्ठी न मागता दिली होती, पहिली वेळ गावात, मग प्रत्येक पोस्टिंगच्या ठिकाणी.

स्टिरॉइड वाईट नाही. योग्य ठिकाणी, योग्य दिवसांपुरते ते वरदान आहे. पण चेहऱ्यावर महिनोन्‌महिने चोळले की ते रक्तवाहिन्या आवळते, लाली जाते, रंग उजळल्यासारखा वाटतो आणि आतून कातडी पातळ होत जाते. थांबवले की आवळलेल्या वाहिन्या दुप्पट जोराने फुलतात. माणूस घाबरून पुन्हा लावतो. दारूच्या व्यसनात आणि यात फरक एवढाच की इथे बाटलीऐवजी ट्यूब आहे. दिसायला ते रोझेशियासारखेच दिसते.

हा एकट्याचा प्रश्न नाही. देशातल्या १२ केंद्रांवरच्या त्वचारोगतज्ज्ञांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण तोंडाला स्टिरॉइड लावत होते, आणि त्यातले १२६ जण ते गोरेपणासाठी, नेहमीचे क्रीम म्हणून किंवा आफ्टरशेव्ह म्हणून! डॉक्टरांच्या संघटनेने पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ मलमे शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर. गोरेपणाचा हव्यास दुसऱ्या वाटेनेही घात करतो. २०२३ मध्ये अकोल्याची बातमी आली होती: ब्युटी पार्लरमधून आणलेले क्रीम एकाच घरातल्या बायकांनी वापरले, मूत्रपिंडे बिघडली आणि तपासात क्रीममध्ये पारा सापडला.

लान्स नायकाला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी क्रीम टप्प्याटप्प्याने बंद करायला लावले, दुसरी औषधे दिली, काही आठवडे दाढी माफीची चिठ्ठी दिली आणि स्पष्ट सांगितले की आधी बिघडेल, मग सुधारेल. तसेच झाले. तोंड सुजले. रात्री ओला रुमाल ठेवून झोपायचा. एका संध्याकाळी येऊन म्हणाला, "साहेब, लग्न पुढं ढकलतो. हळदीचे फोटो असे काढू?"

मी त्याला माझे ओळखपत्र दाखवले, दहा वर्षांपूर्वीच्या फोटोचे. "हा मी. आणि हा आताचा मी. मध्ये दोन प्रमोशन झाले, पोरगी बारावीला गेली. लग्न तुझं आहे, तोंडाचं नाही. मुलीला खरं सांग, निर्णय तिला घेऊ दे."

त्याने मुलीला फिल्टर न लावलेला फोटो पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. ते दोन दिवस त्याने कसे काढले ते सुभेदार साहेबच जाणोत. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. तिने फक्त एवढेच विचारले, की तुम्ही आता ती क्रीम लावत नाही ना? कारण तिच्या बहिणीचेही असेच झाले होते. लग्न ठरल्या तारखेला झाले. डॉक्टरांनी सांगितल्यामुळे हळद तोंडाला न लावता हातापायांना लावली. फोटोत नवरदेव लाल आहे आणि हसतो आहे.

शेवटी माझ्या बंधूंना, विशेषतः निवृत्त साहेबांना आणि वीरपत्नी-माता-भगिनींना तीन विनंत्या. घरातली तोंडाला लावायची प्रत्येक ट्यूब एकदा उलटून वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन असे काही दिसले आणि ती डॉक्टरने दिलेली नसेल तर दाखवायला न्या. पण बरेच दिवस लावत असाल तर एकदम फेकू नका, आधी विचारा. तिशी-चाळिशीनंतर तोंडावर 'मुरुमे' आणि लाली एकत्र आली, सोबत डोळे चुरचुरले, तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. आणि कुणाचे नाक लाल दिसले तर पेग मोजू नका. कदाचित तो माणूस चहा निवायची वाट पाहत असेल.

जय हिंद.