विजेचा कॉक

पेट्रोल टाकीतून कार्बोरेटरात स्वतःच्या वजनानं उतरतं. यात विजेचा संबंध काय? पण आमच्या एका स्नेह्यांच्या जुन्या इटालियन मोटारसायकलीत त्या वाटेवर विजेचा कॉक होता. किल्ली फिरवली, की कॉइलमध्ये वीज जाऊन आतली झडप उचलली जाई. किल्ली काढली, की बंद. मालकानं काही लक्षात ठेवायला नको. फक्त कॉइल जळली, की भरल्या टाकीनिशी गाडी ढकलायची!

शेवटी मेकॅनिकनं टाकी रिकामी केली, आटे जुळवले, नवा वॉशर घातला, मोकळ्या वायरींना टेप गुंडाळली आणि हातानं फिरवायचा साधा कॉक बसवला. चालू, बंद, रिझर्व्ह. कारभार समजला.

पण आता आठवण माणसानं ठेवायची आली. कॉक उघडा राहिला आणि फ्लोटची सुई नीट बसली नाही, तर रात्रभर पेट्रोल ठिबकतं. प्रसंगी थेट इंजिनात उतरतं. हे वहिनींना कुणी सांगितलं देव जाणे!

रोज रात्री दिवा मालवताना त्या विचारतात,

"गॅस बंद केलात?"

"केला."

"आणि तुमचा तो?"

स्नेही निमूटपणे चपला घालून दोन जिने उतरतात. कॉक बहुधा बंदच असतो.