कोरं कार्ड

मृगाचा पहिला दणदणीत पाऊस झाला की चिपळूणकडच्या आमच्या पऱ्यात मासे चढायचे. रात्री बत्ती आणि कोयती घेऊन आजोबा निघत, पोतं धरायला मागे मी. चढणीचा मासा गाभोळीनं भरलेला असतो. त्यानं कालवणाला चव येते, एवढंच तेव्हा कळत होतं. पुढच्या सालचे मासे त्या गाभोळीतूनच यायचे होते, हे घरात कधी कोणी बोललं नाही.

आता मी अमेरिकेत, सिअ‍ॅटलच्या पूर्वेला स्नोक्वाल्मी नदीवर गरवायला जातो. सोबत नऊ वर्षांची लेक असते. इथला चढणीचा मासा म्हणजे स्टीलहेड. जात रेनबो ट्राउटचीच, पण हा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा गोड्या पाण्यात येतो. पॅसिफिकमधला सामन अंडी घातली की मरतो. स्टीलहेड वाचला तर परत समुद्र गाठू शकतो आणि पुन्हा चढू शकतो. हजारदा गळ टाकावा तेव्हा एक लागतो, असं इथले जुने लोक म्हणतात.

पहिल्या वर्षी मी तिला पहाटे नेलं, हातात माझी दहा फुटी काठी दिली आणि पाच तास थंडीत उभं केलं. बोटं बधिर होऊन ती रडायला लागली. चूक माझी होती. मी मासा शिकवायला निघालो होतो, आधी नदी शिकवायला हवी होती.

दुसऱ्या वर्षी गरी घरीच ठेवली. तिला आखूड काठी दिली आणि दोराला फक्त तरंगता फ्लोट व शिसं बांधलं. अंगात लाइफ जॅकेट, डोळ्यांवर चष्मा, आणि दोन तास झाले की थर्मास उघडायचा. खेळ एकच: पाण्यात काटकी टाकायची आणि काठानं तिच्या बरोबरीनं चालायचं. काटकी पळायला लावते तिथं पाणी फार जोराचं. आपल्या चालीनं जाते तिथं, किंवा जोराचं आणि संथ पाणी जिथं एकमेकांना घासून जातं त्या रेषेवर, मासा दम खात थांबतो. मग खोली. आमिष तळापासून वीतभर वर वाहायला हवं. फ्लोट दर वेळी अडकला तर दोर फार लांब, कधीच अडकला नाही तर फार आखूड. महिन्याभरात ती मलाच सांगू लागली, “बाबा, वर घ्या थोडं.”

मग गरीही बांधली. इथंही आमिष गाभोळीचंच, मुरवलेलं. “अंडी घालायला आलेल्या माशाला अंडीच दाखवायची?” तिनं विचारलं. मी आजोबांसारखाच गप्प बसलो.

नियम मात्र तिला पाठ आहेत. पाठीवरच्या मोठ्या पराच्या मागे, शेपटीजवळ एक छोटा मांसल पर असतो. हॅचरीतल्या पिल्लांचा तो कापून मगच त्यांना नदीत सोडतात. पर नसला तर मासा घरी नेता येतो. पर असला तर मासा नदीचा. त्याला पूर्ण पाण्याबाहेरही काढायचं नाही. या भागातले स्टीलहेड 2007 पासून केंद्राच्या संकटग्रस्त यादीत आहेत. म्हणून आमच्या गरीला उलटा काटाही नसतो.

यंदा जानेवारीत तिचा फ्लोट बुडाला आणि वर आलाच नाही. काठी वाकली, मासा प्रवाहाला लागला, ती ओरडली. काठी मी हातात घेतली नाही, नुसता तिचं जॅकेट मागून धरून उभा राहिलो. बऱ्याच वेळानं तो काठाशी आला. चंदेरी अंग, गालावर किंचित गुलाबी झाक. तिनं ओला हात पाण्यात घातला, पाठीवरून शेपटीकडे बोट नेलं आणि म्हणाली, “आहे.”

गरी सहज निघाली. तोंड प्रवाहाकडे करून तिनं त्याला धरून ठेवलं. त्यानं शेपटी मारली तेव्हा तिच्या तोंडावर पाणी उडालं.

रात्री फोनवर आजीनं विचारलं, “मग कालवण केलंत का?”

पंधरा वर्षांखालच्या मुलांना इथं मासेमारीचा परवाना लागत नाही. स्टीलहेडसाठी नोंदीचं कार्ड मात्र लागतंच, आणि घरी नेलेला मासा त्यात लगेच लिहावा लागतो. सोडलेल्या माशाला त्यात रकाना नाही. तिचं कार्ड कोरं आहे.