व्याजाचा हप्ता

अर्थसंकल्प आला की आमच्या मेसमध्ये एकच आकडा शोधला जातो: संरक्षणाला किती? २०२५-२६ साठी तो ६.८१ लाख कोटी रुपये होता. त्याच कागदांत जुन्या कर्जांवरच्या व्याजाचाही आकडा होता: १२.७६ लाख कोटी. म्हणजे तिन्ही दलांचे पगार, पेन्शन, दारूगोळा, विमानं, सगळं धरून जेवढं, त्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि तेही मुद्दल नव्हे, नुसतं व्याज. त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही.

आमच्या जवानांना कर्ज कळत नाही असं नाही. रजेवर निघालेल्याला मी घरच्या देण्याविषयी विचारतो. ट्रॅक्टरचा हप्ता, बहिणीच्या लग्नातली उसनवारी, सगळं तो तोंडपाठ सांगतो. इथे पंजाबात एकाला विचारलं, देशावरच्या कर्जाचं काय? "वो तो सरकार का है, साब."

१९९१ साली मी शाळेत होतो. देशाचं सुमारे ४७ टन सोनं तेव्हा बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण पडलं. घरातलं मंगळसूत्र सावकाराकडे जावं, तशी ती लाज होती. आजचं बहुतेक कर्ज रुपयांतलं, देशातल्याच बँका, विमा आणि भविष्य निर्वाह निधीकडून घेतलेलं. दारात सावकार उभा राहत नाही, म्हणून लाजही वाटत नाही.

कर्ज काढून सीमेवर पूल, बोगदे बांधले तर माझी हरकत नाही. आमच्या गाड्या त्यांवरूनच जातात. पण मतं मागायला येणाऱ्याला 'काय देणार?' विचारलं, की लगेच 'कुठून देणार?' हेही विचारावं. हप्ता शेवटी आपल्याच मुलांना भरायचा आहे.