परतीची गाडी कितीची?

हे आम्ही दोघे नवरा-बायको मिळून लिहीत आहोत. लेखणी एकाच्या हातात आहे, बोलणे मात्र दोघांचे आहे. आम्ही वाशिम जिल्ह्यातील धनजचे. तालुका कारंजा. 1998 साली वाशिम जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही अकोला जिल्ह्यात मोडत होतो. जिल्हा बदलला, आमचे काम तेच राहिले. आमच्यातला एक गवंड्याच्या हाताखाली राबतो, दुसरी निंदणाला आणि कापूस वेचायला जाते. घरात म्हातारी आई, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा.

लग्नाला वीस वर्षे झाली. या वीस वर्षांत कारंज्याला किती वेळा गेलो याची मोजदाद नाही. दवाखाना, तहसील, जातीचा दाखला, रेशनकार्ड, बी-बियाणे, लग्नाचा बस्ता. काम झाले की पिशवी उचलायची आणि स्टँड गाठायचा. पण निव्वळ पाहायला म्हणून आम्ही कारंज्याला एकदाही गेलो नव्हतो. हिंडायला जाणे ही पगारदार माणसाची गोष्ट, असेच आम्ही धरून चाललो होतो. आपले हिंडणे म्हणजे वर्षातून एकदा दीक्षाभूमी.

मागच्या थंडीत थोरलीने विषय काढला. ती तेव्हा बारावीला होती. रोज एस.टी.ने कारंज्याला जाऊन शिकत होती. बारावीनंतर अमरावतीला जायचे असे तिच्या मनात होते. घरात मात्र दुसरेच चालले होते. थंडीत दिवस लवकर मावळतो. ती उतरून घरी येईपर्यंत दिवे लागलेले असत. नात्यातली माणसे विचारू लागली, "अंधारात पोरगी एकटी येते, तुमाले चालते काय?" एकाने तर स्थळही सुचवले. आम्ही वरून काही बोललो नाही, पण आतून डगमगलो होतो, हे कबूल करतो. बारावीपर्यंत खेड्यातल्या मुलींना एस.टी.चा पास फुकट मिळतो. तो संपला की शिक्षणही संपवावे, असा सोपा हिशोब आम्ही मनाशी करून ठेवला होता.

थोरली म्हणाली, "आई, बाबा, एक रविवार माझ्यासोबत कारंज्याला चला. मी रोज कुठे जाते, कशी येते ते पाहा. मग काय ठरवायचं ते ठरवा."

वेचणीचा जोर ओसरला होता. एका रविवारी भाकरी, ठेचा आणि बेसन बांधून आम्ही पाचजण निघालो.

गाडीत बसल्यावर तिकिटाचा हिशोब झाला आणि आम्हाला हसू आले. आई पंचाहत्तरीच्या पुढची, तिला 2022 पासून एस.टी. फुकट. बायकांना 17 मार्च 2023 पासून अर्धे तिकीट, म्हणून मायलेकींचे अर्धे-अर्धे. धाकटा दहा वर्षांचा, त्याचेही अर्धे. पुरे तिकीट फक्त बापाचे. पाच माणसे आणि अडीच तिकिटे. आई म्हणाली, "पाय बापू, आता तूच एकटा महाग हायेस."

कारंज्याला उतरल्यावर आम्ही दोघे सवयीने बाजाराकडे वळलो. थोरलीने हात धरून थांबवले. "आज बाजार नाही. आज गाव पाहायचं."

कारंजा जुने गाव आहे. एकेकाळी त्याला कोट होता. त्याच्या चार वेशी. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. या वेशींखालून आम्ही कितीदा गेलो असू. पण ज्या वेशीतून ज्या गावाचा रस्ता निघतो त्या गावाचे नाव तिला दिले आहे, ही साधी गोष्ट आमच्या ध्यानात कधी आली नव्हती. थोरली धाकट्याला सांगत होती, "त्या काळी पाटी नव्हती, फलक नव्हता. वेशीचं नाव विचारलं की रस्ता सापडे." आम्ही मागून ऐकत होतो. जैनांच्या जुन्या मंदिरांत हाताने लिहिलेल्या शेकडो वर्षांच्या पोथ्या जपून ठेवल्या आहेत आणि मोठमोठे विद्वान त्या वाचायला कारंज्याला येऊन गेले, हेही तिनेच सांगितले. आम्ही या गावात आजवर फक्त दाखलेच शोधले होते.

दुपारी ऋषी तलावाच्या काठी शिदोरी सोडली. धाकटा हट्टाला पेटला, "काळवीट पाहायचे." कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य आमच्याच भागात आहे. 2000 साली ते झाले, सव्वाअठरा चौरस किलोमीटरचे गवताळ रान आहे. शहरातले लोक गाड्या करून तिथे येतात आणि दुर्बिणीतून पाहतात. काळ्या पाठीचा, पिळदार शिंगांचा नर दिसला की खूश होतात. आम्ही हा प्राणी पाहिला आहे, पण तो शेतात. हरणांचा कळप उभ्या पिकात शिरला की मालक आरडाओरडा करतो आणि आम्ही मजूर मागे धावतो. जो प्राणी हाकलायचा, तोच पाहायला पैसे खर्च करून जायचे, हे मनाला पटेना. ऑटोचे भाडे ऐकल्यावर तर मुळीच पटेना. "पुढच्या खेपेला" म्हणून धाकट्याची समजूत काढली. ते देणे अजून बाकी आहे.

मग आईने एक मागणे केले. तिने सहसा काही मागितले नाही. म्हणाली, "मले टेसन दाखवा."

कारंज्याचे स्टेशन म्हणजे शकुंतलेचे स्टेशन. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे जावा म्हणून किलिक-निक्सन या इंग्रज कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती टाकली. 113 किलोमीटरचा रस्ता. 1921 साली मँचेस्टरला तयार झालेले वाफेचे इंजिन या गाडीला 1994 पर्यंत ओढत होते. नंतर डिझेल आले. आता कित्येक वर्षे झाली, गाडी बंद आहे.

आई रुळाच्या बाजूला बसली. तिचे माहेर कारंज्याजवळचे. म्हणाली, "इथूनच बसलो होतो आमी. मी नऊ वर्साची असन. बाप म्हणे, नागपूरले जायचं हाये, बाबासाहेब दीक्षा देनार हायेत. मायनं पांढरं लुगडं धुऊन वाळवलं होतं. या छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं नागपूर. गाडीत पाय ठेवाले जागा नोहोती. सारे आपलेच लोक."

14 ऑक्टोबर 1956. हा दिवस आपल्या प्रत्येक घरात पाठ आहे. पण आमच्या घरातून त्या दिवसाकडे जाणारी वाट या रुळावरून गेली होती, हे आईने आम्हाला कधी सांगितलेच नव्हते. आम्ही कधी विचारले नव्हते हेही तितकेच खरे.

थोरलीने विचारले, "आजी, येताना कसं आलात?"

आई म्हणाली, "येतानी तं मी झोपलीच होती. मले फक्त जातानीचं आठोते. पण बाप मांगून सांगे, येतानी डब्यात एकही मानूस खाली मान घालून बसला नोहोता."

या बोलण्यात वेळ कसा गेला कळले नाही. थोरलीने दोनदा सांगितले, "बाबा, निघू या, गाडी चुकेल." बाप म्हणाला, "बसू दे आईला, वेळ आहे अजून." चूक सर्वस्वी आमची. स्टँडवर पोचलो तेव्हा ठरवलेली गाडी निघून गेली होती.

दिवस मावळला. थंडी वाजू लागली. धाकटा रडकुंडीला आला. आम्ही दोघे गडबडलो. बाप इकडून तिकडे फिरू लागला, कोणाला विचारावे कळेना. ज्या स्टँडवर वीस वर्षे उतरलो, तिथे अंधार पडल्यावर आम्ही परके झालो होतो.

थोरली चौकशीच्या खिडकीपाशी गेली. दोन मिनिटांत परत आली. म्हणाली, "आपल्या अंगाला जाणारी आणखी एक गाडी आहे, तासाभरानं. आजी, तू इथं बस, इथं वारा लागत नाही. आई, पाणी तिकडच्या नळाचं घे. बाबा, तुम्ही दारात गर्दी करू नका, गाडी मागं घेऊन लागते, मागच्या बाजूनं उभं राहायचं." कारंज्यात शिकणाऱ्या दोन मुली तिथे होत्या. त्यांच्याशी ती बोलून आली. एका म्हातारीला तिची गाडी दाखवून आली. गाडी लागल्यावर कंडक्टरने तिला ओळखले. "काय ताई, आज रविवारी?" ती म्हणाली, "आज घरचे आणलेत मास्तर. आजीला पुढची सीट द्या."

आई हळूच म्हणाली, "काऊन घाबरते रे बापू? पोरगी हाये ना संगं."

वाचकहो, ज्या अंधाराच्या भीतीने आम्ही तिचे शिक्षण थांबवायला निघालो होतो, त्या अंधारातून तिनेच आम्हाला घरी आणले. भीती आमची होती. ती ज्या रस्त्याने रोज जात-येत होती, तो रस्ता आम्हीच कधी पाहिला नव्हता.

गाडीत बसल्यावर विहारात ऐकलेली एक गोष्ट आठवली. 1901 साली लहानगे भीमराव भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाले होते. मसूर स्टेशनवर उतरले, न्यायला कोणी आले नव्हते. जात कळल्यावर एकही बैलगाडीवाला नेईना. शेवटी भाडे दुप्पट द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एकजण कबूल झाला. रात्रभर पाण्यावाचून लेकरांचे हाल झाले. आज आमची लेक पुढच्या सीटवर आजीला बसवून घेते, कंडक्टर तिला ताई म्हणतो. एस.टी.चा तो लाल डबा खडखडतो, त्यात उभे राहून जावे लागते. पण त्यात बसायला जात सांगावी लागत नाही. एवढे मिळायला किती पिढ्यांचा प्रवास झाला, हे आपण विसरता कामा नये.

आमच्या कारंजा तालुक्यातून आता समृद्धी महामार्गही गेला आहे. 5 जून 2025 पासून तो नागपूर ते मुंबई पूर्ण 701 किलोमीटर सुरू झाला. भरधाव गाड्या जातात. मोटारसायकलला त्यावर मनाई आहे, मग आमच्यासारख्याला तो दुरूनच पाहायचा. मोठे रस्ते व्हावेत, आमचे काही म्हणणे नाही. पण खेड्यातली मुलगी शिकणार की नाही हे संध्याकाळच्या शेवटच्या एस.टी.वर ठरते. सकाळची गाडी सगळे विचारतात. परतीची गाडी आहे की नाही, ती थांबते की नाही, फाट्यावर दिवा लागतो की नाही, हे कोणी विचारत नाही. ती नसली की दोष मुलीवर येतो आणि तिचे पुस्तक बंद होते.

त्या रविवारनंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. स्थळ सुचवणाऱ्यांना हात जोडून नकार दिला. आणि शिकणाऱ्या मुलींचे आईबाप गोळा करून ठरवले की, संध्याकाळी गाडीच्या वेळेला दोघा पालकांनी आळीपाळीने उतरायच्या जागी जाऊन थांबायचे. मुलींना नेण्यासाठी म्हणून नव्हे, तर तिथे माणसांचा वावर राहावा म्हणून. याला पैसा लागत नाही, फक्त पारावरच्या गप्पा तिकडे न्याव्या लागतात.

थोरली बारावी पास झाली. आता अमरावतीला शिकते. समाजकल्याणच्या मुलींच्या वसतिगृहात तिला जागा मिळाली. ज्यांना वसतिगृह मिळत नाही, अशा आपल्या मुलामुलींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. राहण्या-जेवणाची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात येते. त्यासाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढून ठेवा. आणि बारावीनंतर फुकट पास संपला तरी घाबरू नका. विद्यार्थ्यांच्या मासिक पासात दोन तृतीयांश सवलत आहे, एक भाग आपल्याला भरायचा.

ती शनिवारी घरी येते. आई दुपारपासून विचारत असते, "गाडी कितीची हाये?" आणि रविवारी ती निघाली की पुन्हा विचारते, "आता परतीची कितीची?"

बंधू-भगिनींनो, एकच विनंती. एक रविवार काढा. आपली मुले रोज ज्या गाडीने जातात, त्या गाडीने त्यांच्यासोबत जा. जवळचे गाव पाहा, तळ्याकाठी बसून भाकरी खा, म्हाताऱ्या माणसांना जुने स्टेशन दाखवा आणि त्यांना बोलते करा. ऑटोला पैसे नसतील तर काळवीट राहू द्या. पण मुलीच्या मागे-मागे चालून एकदा तिचा रस्ता पाहा. तो पाहण्याआधी तिच्या शिक्षणाचा निर्णय घेऊ नका.

जयभीम.