आधी मुक्काम ठरतो

मामेबहिणीचा फोन आला तेव्हा मी जांब्यातल्या घराच्या ओट्यावर धुतलेले दोर वाळत घालत होतो. ती अटलांटात असते. "दादा, आम्ही पेरूला जाऊन आलो. चार दिवस इंका लोकांच्या जुन्या वाटेनं चाललो आणि चौथ्या दिवशी सकाळी माचू पिक्चू दिसलं. मुलं अजून त्यातच आहेत. डिसेंबरात पुण्याला येतोय, अजून दोन घरं बरोबर आहेत. तसं काही आपल्याकडे आखून देशील?"

'तसं' म्हणजे नेमकं कसं, हे कळल्याशिवाय मी वही उघडत नाही. म्हणून मुलांना फोन द्यायला सांगितलं आणि विचारलं, काय लक्षात राहिलं? मला वाटलं, भिंतींचे न सांधलेले पण घट्ट बसलेले दगड सांगतील. भाची म्हणाली, "मामा, तिसऱ्या रात्रीचं सूप. आणि सामान वाहणाऱ्या काकांनी म्हटलेलं गाणं. खूप थंडी होती आणि सगळे एकाच तंबूत बसले होते." भाच्यालाही तीच रात्र आठवत होती. मग मी वही उघडली.

वीस वर्षं मी लोकांना सह्याद्रीत हिंडवतो आहे. सुरुवातीच्या माझ्या वह्या आज चाळल्या तर त्यांत नुसती गडांची नावं दिसतात. तीन दिवसांत पाच किल्ले, मधे लेणी, जमलं तर एक धबधबा. नकाशावर बोटानं अंतर मोजायचं, ताशी तीन किलोमीटर धरायचं आणि दिवस भरून टाकायचा. राहायचं कुठे, हे सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात लिहिलेलं. ती वही मला एका एप्रिलमध्ये बंद करावी लागली. गडावरच्या टाक्यात पाणी असणार, हे मी गेल्या वर्षीच्या आठवणीवर लिहून टाकलं होतं. टाकं आटलं होतं. बरोबर साठीच्या एक बाई होत्या. दुपारी दोनच्या सुमारास त्या बोलेनाशा झाल्या, ओठ कोरडे पडले, पाय थरथरू लागले. सगळ्यांच्या बाटल्यांतलं उरलंसुरलं पाणी त्यांना पाजत, सावली गाठत, आम्ही अंधार पडता पडता खालच्या वाडीत पोहोचलो. पहिल्याच घरातल्या माणसानं काही न विचारता हंडा पुढे केला. त्या बाई पुढे बऱ्या झाल्या, नंतर दोनदा माझ्याबरोबर आल्या. पण त्या दिवसापासून मी आखणी उलटी करतो. आधी मुक्काम, मग पाणी, आणि त्या दोघांच्या मधे जेवढी वाट नीट बसेल तेवढीच वाट.

बहिणीच्या फोननंतर पेरूबद्दल मिळेल ते वाचत गेलो, आणि मला फार आनंद झाला, कारण तिथेही हेच होतं. इंका राजवटीचे रस्ते, कापाक न्यान, आजच्या सहा देशांत पसरलेले आहेत. एकूण लांबी सुमारे 30,000 किलोमीटर सांगतात, आणि 2014 मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत आले. या रस्त्यांवर साधारण दिवसाच्या चालीवर मुक्कामाच्या जागा बांधलेल्या होत्या. धान्याची कोठारं, निवारा, पाणी. त्यांना तिथल्या केचुआ भाषेत ताम्पू म्हणतात. ओयांताइताम्बो या गावाच्या नावात तो शब्द अजून आहे. आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी बंदरांतून घाटमाथ्यावर येणाऱ्या वाटांची जात हीच. नाणेघाटात सातवाहनांची गुहा, नागनिकेचा लेख, पाण्याची टाकी आणि दगडी रांजण. मुळशीच्या पश्चिमेला कड्यांखाली ठाणाळ्याची लेणी. थकलेल्या तांड्याला पाठ टेकायला जागा आणि प्यायला पाणी हवं, हे ज्याला कळलं त्यानं या वाटा आखल्या. मी त्यांचाच धंदा करतो, असं मला मनापासून वाटतं.

जांबे मुळशी तालुक्याच्या पूर्वेकडच्या टोकाला. हिंजवडी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे जिथे भात व्हायचा तिथे आता इमारती उठताहेत. त्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला घनगड आणि तैलबैला. घोटावडे, पौड, मग धरणाच्या फुगवट्याच्या कडेनं ताम्हिणी, निवे, आणि तिथून उजवीकडे भांबर्डे. अडीच-तीन तासांत गाडी एका जगातून दुसऱ्या जगात जाते, आणि तालुका मात्र तोच. बहिणीच्या मंडळींसाठी मी हीच वाट धरली: घनगड, तैलबैला, सवाष्णीचा घाट, सुधागड. 2025 मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या मराठ्यांच्या 12 किल्ल्यांत यांतला एकही नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. तिथे गर्दी जाईल, इकडे वाट मोकळी राहील.

घनगड लहान आहे. एकोले गावातून निघालं की वाटेत गारजाई देवीचं देऊळ लागतं, पुढे कातळात लोखंडी शिडी आहे. दमदार माणूस तासाभरात माथ्यावर. कोरबारसे मावळावर नजर ठेवायला बांधलेला पहारा आहे हा. पहिल्या दिवशी एवढंच. जुन्या वहीत त्याच दिवशी मागचं केवणीचं पठारही होतं, ते मी काढून टाकलं. बहीण म्हणाली, "दादा, अजून जमेल आम्हाला." जमलं असतं. पण विमानातून उतरून चार दिवस झालेल्या माणसांचं शरीर अजून अटलांटाच्या घड्याळात असतं, आणि पहिल्या संध्याकाळी मला ती दमलेली नकोत, भुकेली हवीत. एकोल्यातल्या मावशींच्या चुलीसमोर बसून त्यांना भाकरी कशी थापतात ते बघायचं आहे. दमलेला माणूस चूल बघत नाही, अंथरूण बघतो.

पेरूमध्ये हा पहिला दिवस उंचीसाठी राखतात. विमान जिथे उतरतं ते कुस्को शहर सुमारे 3,400 मीटरवर आहे, आणि माचू पिक्चू 2,430 वर, म्हणजे त्याच्या बरंच खाली. म्हणून शहाणे लोक विमानतळावरून थेट उरुबाम्बाच्या खोऱ्यात उतरतात, तिथे झोपतात, अंगाला हवा मानवू देतात, मग चालू लागतात. त्या चार दिवसांच्या वाटेवरची सर्वांत उंच खिंड 4,215 मीटरवर आहे. आमच्याकडे श्वास लागण्याएवढी उंची नाही. आमचं ऊन आहे, पाणी आहे आणि उतार आहे. प्रत्येक डोंगर वेगळं काहीतरी मागतो, आणि आखणाऱ्यानं ते आधी देऊन ठेवायचं असतं.

तिथे दिवसाला 500 माणसांनाच परवाना मिळतो, वाटाडे आणि ओझेकरी धरून. फेब्रुवारीत ती वाट दुरुस्तीसाठी बंद असते. सामान वाहणाऱ्यांच्या पाठीवरचं ओझं नाक्यावर तोलून बघतात. हे वाचून मी थांबलो. आपल्या घाटवाटांना असं कोणी विश्रांती देत नाही. पावसाळा देतो तेवढीच. मी माझ्यापुरता 12 माणसांचा आकडा ठरवला आहे, कारण एकोल्यात किंवा तैलबैल्यात एका ओसरीवर 12 माणसं झोपतात आणि एका चुलीवर 12 माणसांचं होतं. तेरावा आला की दुसरं घर बघावं लागतं, मग मंडळी फुटतात आणि गप्पाही फुटतात.

दुसऱ्या दिवशी तैलबैला. जमिनीतून उभ्या ठाकलेल्या कातळाच्या दोन भिंती आणि मधे खाच. खाचेपर्यंत चढून जाता येतं. तिथे भैरोबाचं ठाणं आहे, पाण्याची टाकी आहेत. एका बाजूला वाघजाईचा घाट, दुसऱ्या बाजूला सवाष्णीचा, आणि समोर कोकण. पहिल्यांदा इथे आलेला माणूस बहुधा बोलत नाही, आणि मीही त्या वेळी काही सांगत नाही. इतिहास जेवणानंतर. खाचेत जाण्याआधी मात्र सगळ्यांना एकदा बजावतो: अत्तर नाही, फवारे नाहीत, धूर नाही, आरडाओरडा नाही. कड्याला आग्या मोहोळं असतात. एका माणसाच्या अंगाच्या वासानं पूर्ण गटावर माशा येऊ शकतात, आणि कड्यावर पळायला जागा नसते. परदेशातून येणाऱ्यांना हे मी घरून निघण्याआधी कळवतो, म्हणजे सुगंधी बाटल्या जांब्यातच राहतात.

आता सवाष्णीचा घाट. आखणीतला माझा सगळ्यात जास्त वेळ याच एका उतारावर जातो. घाटमाथ्यावरून थेट कोकणात उतरायचं, आणि उतारात दम लागत नाही म्हणून लोकांना तो सोपा वाटतो. गुडघ्यांचा हिशेब दुसऱ्या दिवशी कळतो. चालण्याची माझी रीत ठरलेली आहे. पुढे गावातला वाटाड्या, त्याच्या मागे गटातला सर्वांत सावकाश चालणारा माणूस, मग बाकीचे, आणि शेवटी मी. सावकाश चालणारा मागे पडला की प्रत्येक थांब्यावर तो पोहोचतो तेव्हा बाकीचे विसावा घेऊन उठत असतात. त्याला विश्रांती मिळतच नाही, आणि आपण सगळ्यांना खोळंबवतोय हे ओझं वेगळं. पुढे असला की सगळा गट त्याच्या पावलानं चालतो आणि त्याला ते जाणवतही नाही.

वाटाड्या गावातलाच हवा, यात मी कधी तडजोड करत नाही. माझ्याकडे यंत्रात वाट नोंदलेली असते, पण दिवाळीनंतर गवत छातीएवढं असतं, ढोरवाटा दहा फुटतात, आणि कोणती घाटात जाते आणि कोणती कड्यावर संपते हे गुरं राखलेल्या माणसालाच कळतं. पेरूतही हेच. 24 जुलै 1911 रोजी हायराम बिंगहॅम या अमेरिकी संशोधकाला माचू पिक्चूच्या डोंगरावर घेऊन गेला तो मेल्चोर आर्तेआगा नावाचा तिथलाच शेतकरी. त्याला एक सोल मजुरी मिळाली. वर गेले तर तिथल्या जुन्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत काही कुटुंबं पीक घेत होती. जगाला सापडलेलं ठिकाण त्यांना हरवलेलं नव्हतंच. हे मी घाटाच्या तोंडाशी बसून मुलांना सांगणार आहे, वाटाड्या ऐकत असताना. त्याची मजुरीही मंडळींसमोर ठरते आणि त्याच्या हातात पडते, मधे कोणी नाही.

सवाष्णीतून उतरलं की बहिरामपाडा, मग धोंडसे. पहाटे लवकर निघालो तर दुपारच्या जेवणाला खाली. तिथून सुधागड समोर दिसतो, आणि प्रत्येक गटात कोणीतरी म्हणतंच, "आजच चढून वर झोपू या." मी नाही म्हणतो. दुपार पूर्ण मोकळी ठेवलेली असते. ओढ्यात पाय सोडून बसावं, पायांना तेल लावावं, झोपावं. त्या रिकाम्या दुपारीच माणसं एकमेकांशी खरं बोलायला लागतात, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की ती दुपार आता वहीत सगळ्यात आधी लिहितो.

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता धोंडशाच्या बाजूनं महादरवाजा. रायगडाचा महादरवाजा पाहिलेल्याला इथे ओळखीचं वाटतं. वर भोराई देवीचं देऊळ, भोरच्या पंतसचिवांचा चौसोपी वाडा, तळी, लांबरुंद पठार. भोराई त्यांची कुलदेवता, आणि तिच्यावरूनच भोरपगड हे गडाचं जुनं नाव. ठाकूरवाडीकडे उतरताना पाच्छापूर दाखवायचं. 1681 मध्ये औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर आणि संभाजी महाराज यांची भेट झाली ती याच गावाच्या परिसरात. गाडी तिथे उभी असेल. पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन, आणि रात्री जांबे.

एवढं लिहून झालं तरी आखणी झाली असं मी म्हणत नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी मी एकदा एकटा जाऊन येतो. टाक्यात पाणी किती, शिडीचे नट घट्ट आहेत का, घाटात दरड आली आहे का, कोणाच्या घरी सुतक तर नाही, लग्न तर नाही. शेवटचे दोन प्रश्न पहिल्या तिन्हीइतकेच महत्त्वाचे. मुक्कामाचं घर म्हणजे कोणाचंतरी नांदतं घर आहे, आणि तिथली दुःखं-आनंद आपल्या तारखा बघून येत नाहीत.

परवा तसा जाऊन आलो. खाचेतल्या टाक्यात पाणी भरपूर होतं, कारवी वाळून कडकडीत झाली होती. परतताना एकोल्यात थांबलो. मावशी अंगणात नाचणी पाखडत होत्या. सूप खाली न ठेवता त्यांनी विचारलं, "किती मानसं?"

"बारा. चार पोरं आहेत."

"अमेरिकेची?"

"हो. ठेचा जरा बेतानंच करा."

"पोरांना दूधभाकर देते की. आन् तुम्ही बारा म्हनता, पर भाकऱ्या मी पंधराच्या थापते," त्या म्हणाल्या, "वाटंवरनं कुनीतरी येतंच."

वहीत मी एकोल्यापुढे 'पंधरा' लिहिलं.