रुजवात

ऐंशी वर्षे ओलांडलेल्या माणसाला भेट म्हणून कोणते पुस्तक द्यावे, हा प्रश्न दिसतो तितका निरुपद्रवी नाही. कारण शाल दिली तर ती कपाटात जाते, नारळ दिला तर तो वाटीत आणि मग आमटीत जातो, पण पुस्तक दिले की घेणाऱ्याविषयी देणाऱ्याच्या मनात कोणती समजूत घर करून बसली आहे, ती मुखपृष्ठावरच छापून निघते.

गेल्या वर्षी पेणला आमच्या मामांचे सहस्रचंद्रदर्शन झाले, तेव्हा हे मला प्रथम उमगले. कुलाबा जिल्ह्यातल्या मामलेदार कचेऱ्यांतून पस्तीस वर्षे दफ्तराचे रुमाल सोडीत आणि बांधीत, शेवटी अव्वल कारकून म्हणून १९४२ साली पेन्शनीत निघालेला हा गृहस्थ. मोतीबिंदू काढल्यामुळे डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा चष्मा, उजव्या हाताला किंचित कंप, पण वाचनाची भूक मात्र विशीतल्या मुलाची. तिन्हीसांजेला मंडळी पांगल्यावर शालींच्या घड्यांखालून एकेक पुस्तक निघू लागले: दासबोधाच्या तीन प्रती, मरणोत्तर गतीवरचे दोन ग्रंथ, वैराग्यपर सुभाषितांचा एक संग्रह, आणि सर्वांत तळाशी मी दिलेली सार्थ ज्ञानेश्वरी, जी उचलायला मलाच दोन हात लागले होते. बारनिशीत टपालाची नोंद करावी तशा निर्विकार मुद्रेने मामांनी प्रत्येकाचे नाव वाचले आणि मग म्हणाले, “अरे, दासबोधाचे दोनशे समास मी पेन्शनीत सात वेळा वाचले; समर्थांची माझ्याविरुद्ध काही तक्रार नसावी. पण तुम्हां सर्वांना मला पोहोचवायची इतकी घाई कसली?” त्यांच्या उशीखालून बाबूराव अर्नाळकरांच्या एका रहस्यकथेचा कोपरा डोकावत होता, ती त्यांनी नातवाकडून, परत करण्याच्या बोलीवर, मागून घेतली होती.

त्या कोपऱ्याने मला पुष्कळ शिकवले. अर्नाळकरांची ती चोपडी तळहातावर मावणारी होती. आडवे पडून, छातीवर टेकवून, थकवा आला की तशीच पालथी घालून ठेवण्यासारखी. आमची ज्ञानेश्वरी अर्थाने कितीही अगाध असली तरी छातीवर ठेवताच श्वास कोंडणारी होती. वार्धक्यात माणूस केवळ डोळ्यांनी वाचत नाही. मनगटाने, मानेने, पाठीच्या कण्याने वाचतो, आणि यांपैकी एकाने असहकार पुकारला तरी वाचन तहकूब होते. हे आपल्या पूर्वजांना ठाऊक असावे असे जुनी पोथी पाहताना वाटते: पाने सुटी आणि आडवी, अक्षर टपोरे, सारे बाड चौरंगावर, वाचणाऱ्याने फक्त एक पान दोन बोटांनी उचलून पलीकडे उलटायचे. पोथीचा भार चौरंगावर आणि अर्थाचा भार मनावर, अशी ती वाटणी होती. बांधीव पुस्तकाने दोन्ही भार वाचकाच्याच माथी मारले.

परंतु अक्षर मोठे आणि वजन हलके एवढ्याने प्रश्नाचा निकाल लागत नाही. आपण वृद्धाला पुस्तक देतो ते बहुधा त्याच्या वयाला देतो, त्याला देत नाही. त्याचे आयुष्य म्हणजे शिल्लक काढून मिटवलेली कीर्दवही, असे गृहीत धरून एकतर परलोकाची वाट दाखवतो, नाहीतर जुन्या आठवणींचे गोडधोड त्याच्यापुढे ठेवतो. या दोहोंतही त्याला अद्यापि एखादी गोष्ट नव्याने कळू शकेल, त्याचे एखादे मत बदलू शकेल, या शक्यतेला जागाच नसते.

पुढच्या खेपेस आप्पा बळवंत चौकात उभा असताना मला मामांच्या फडताळातले एक जीर्ण पुस्तक आठवले. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला, त्याच वर्षी मामा नोकरीला लागले होते, आणि पहिल्या पगारातून घेतलेली ती प्रत त्यांनी साठ वर्षे जपली होती. भटजी पेण तालुक्यातल्या वरसईचे. द्रव्य मिळवून कर्ज फेडावे म्हणून उत्तरेकडे गेले, सत्तावनच्या वणव्यात सापडले, झाशीचा वेढा आतून पाहिला, आणि अखेर गाठीला पैका नव्हे तर खांद्यावर गंगेची कावड घेऊन आईवडिलांकडे परतले. आता वैद्यांनी ते लेखन छापताना त्याची भाषा सुधारली होती आणि मजकुरातही फेरफार केले होते. भटजींनी लिहिले तसे, मूळ हस्तलिखितावरून ते पुस्तक १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी संपादून काढले. म्हणजे मामांच्या अगदी ओळखीचे, तरीही त्यांनी कधी न वाचलेले असे ते पुस्तक होते. मी ते घेतले, आणि सोबत मुठीचे एक भिंग.

त्यानंतर दोन महिने पेणहून टपाल नाही. मध्ये एकदा गेलो तर मामा ओटीवर खिडकीशी बसलेले, समोरच्या उतरत्या मेजावर दोन्ही प्रती शेजारी शेजारी उघडलेल्या, डाव्या हाताचे बोट १९०७ च्या ओळीवर, उजव्या हातातले भिंग १९६६ च्या ओळीवर, आणि कानावर निळी पेन्सिल. जिथे दोन्ही पाठ जुळत तिथे समासात बारीकसे टिंब, जिथे फरक तिथे फुली. मूळ कागदाशी नक्कल ताडून पाहायची, कचेरीतल्या भाषेत रुजवात घालायची, हे त्यांनी जन्मभर केलेले काम. परंतु तेव्हा कागद सरकारचा होता, आता तो त्यांचा स्वतःचा होता. माझ्याकडे न पाहताच ते म्हणाले, “बस. झाशीपर्यंत आलोय.”

शेवटी पोस्टकार्ड आले. कंपामुळे अक्षर हलले होते, पण मजकुराचा मसुदा पक्का: “रुजवात पुरी झाली. साठ वर्षे नकलेवर विश्वास ठेवून होतो याचा प्रथम राग आला. परंतु इंग्रजी अमलात सत्तावनची हकीकत छापणे म्हणजे काय, ते तुम्हां पोरांना कळायचे नाही. मी त्याच सरकारचे मीठ खाल्ले आहे, मला कळते. कोणता शब्द कागदावर ठेवायचा आणि कोणता पोटात, हा हिशेब मीही केला आहे. तरी एकाच पक्षाची कैफियत ऐकून निकाल देणे बरे नव्हे. वैद्यांची ‘दुर्दैवी रंगू’ फार पूर्वी वाचली होती, ती आणि त्यांचे आणखी जे मिळेल ते पाठव. अक्षर लहान असले तरी चालेल, भिंग आहे. मात्र जाड बांधणीचे नको.”