चिंगीचा पट्टा



आज कांद्याचं लिहीत नाही. करप्याबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांना उद्या सविस्तर सांगतो. आज कुत्र्याचं सांगायचंय, आणि त्यात चूक माझी आहे.

आमची वस्ती जुन्नर तालुक्यात. ऊस घराला लागून, त्यामुळं बिबट्याही घराला लागून. ऊसतोड सुरू झाली की त्याचं लपण मोडतं आणि तो वस्तीकडं सरकतो, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. कुत्रं दिसलं की तो सोडत नाही, आणि धरतो ते मानेला. म्हणून आमच्या भागात राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात. आमच्या वाघ्याच्या गळ्यात पण आहे. तो पंचवीस-तीस किलोचा गडी, त्याला त्याचं काही वाटत नाही.

मागच्या दिवाळीत पोरीनं पुण्याहून चिंगीला आणलं. पॉमेरेनियन, वजन चार किलो. नवा घरमालक कुत्रं ठेवू देईना, म्हणून "पप्पा, चार महिने सांभाळा ना," असं म्हणून ती ठेवून गेली. आबा बघून म्हणाले, "हे कुत्रं हाय का कापसाचं बोंड?" पण आठ दिवसांत ते बोंड आबांच्याच मांडीवर बसायला लागलं.

डिसेंबरात शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं बिबट्यानं नेलं. मला धास्ती बसली. पोरीला काय तोंड दाखवायचं? बाजारातून खिळ्यांचा पट्टा आणला, दोन भोकं जादा पाडून चिंगीच्या गळ्यात घातला. रात्री ती घरातच, पण दिवसा त्याच पट्ट्याला दोरी लावून ओट्याच्या खांबाला. दूधवाला आला, मोटारसायकल गेली, की ही सुसाट सुटायची आणि दोरी संपली की गपकन मागं हिसका. दिवसातून वीस वेळा तरी.

पंधरा दिवसांत खोकला सुरू झाला. साधा नाही, बदक ओरडल्यासारखा कोरडा. मी म्हटलं थंडी असेल. सौ. म्हणाली हाड अडकलं असेल. दोन दिवस हळद-दूध केलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दूधवाल्याच्या मागं धावली आणि खोकत खोकत आडवीच झाली. जीभ निळसर. हात कापत होते, पट्ट्याचं बक्कल निघता निघेना. निघालं तेव्हा कुठं तिनं श्वास ओढला. तसंच तिला जर्किनमध्ये धरून मोटारसायकलवर तालुक्याला नेलं.

डॉक्टरांनी गळ्यावर दोन बोटं हलकेच दाबली, तसा तोच खोकला. म्हणाले, "हिच्या गळ्यात काही अडकलेलं नाही. आधी हे लोखंड बंद करा." एक्स-रेला पुण्याला पाठवलं. निदान तेच निघालं, श्वासनलिका चपटी होतेय.

मला समजलं ते आपल्या भाषेत सांगतो. श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या असतात, बैलाच्या पत्रीसारख्या नाही तर घोड्याच्या नालेसारख्या, एका बाजूनं उघड्या. विहिरीवरच्या पंपाचा सक्शन पाईप आठवा. त्याला आतून कडी असते म्हणून तो ओढीला टिकतो. कडी नरम पडली की पंप चालू करताच पाईप आत ओढला जातो, चपटा होतो आणि पाणी तुटतं. छोट्या जातीच्या कुत्र्यांत, पॉमेरेनियन, चिहुआहुआ, यॉर्कशायर वगैरे, ह्या कड्या नरम पडण्याचा दोष जास्त दिसतो. तो पट्ट्यामुळंच होतो असं नाही. पण नरम पाईपवर बाहेरून हिसके दिले तर काय होईल, हे पंप चालवणाऱ्याला कळतं. त्यात लठ्ठपणा, धूर, ऊन आणि उत्तेजना यांनी त्रास वाढतो.

घरी येऊन तो पट्टा औषध मोजायच्या काट्यावर ठेवला. तीनशे ग्रॅम. चार किलोच्या जीवाला तीनशे ग्रॅम म्हणजे माझ्यासारख्या सत्तर किलोच्या माणसाच्या गळ्यात सव्वापाच किलो. आबा काट्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "बैलाचं वझं आपण खांद्यावर देतो. सापती गळ्याला लागली तर आपण लगेच सैल करतो. मग हिच्या गळ्याला दावं लावताना आपली अक्कल कुठं गेली व्हती?"

खरं आहे. जू खांद्यावर बसतं, सापती नुसती मान जागेवर ठेवायला असते. ओढ गळ्यावर आली की बैल घुसमटतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करणारी माणसं आपण, आणि कुत्र्याच्या बाबतीत हे डोक्यातच आलं नाही.

आता हार्नेस. म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, दोरी पाठीवरच्या कडीला. हिसका बसला तरी तो छातीवर आणि बरगड्यांवर पसरतो, गळा मोकळा राहतो. पण इथंही मी एकदा फसलो. अंदाजानं आणला, तो सैल निघाला. संध्याकाळी फिरवताना चिंगी घाबरून मागं सरकली, पुढचे पाय आणि मुंडी काढली आणि थेट उसाच्या कडेला. हातात रिकामा हार्नेस. आबांनी ओट्यावरून हाक मारली म्हणून ती परत फिरली. ती दोन मिनिटं मी विसरणार नाही.

त्यामुळं माप सांगतो, लिहून ठेवा:

१. पुढच्या पायांच्या मागं छातीचा घेर शिंप्याच्या टेपनं मोजा. कुत्र्याच्या वयावर किंवा फोटोवर विश्वास ठेवू नका.
२. प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं सपाट गेली पाहिजेत. तीन गेली तर सैल, एक गेलं तर घट्ट.
३. पुढचा पट्टा छातीच्या हाडावर हवा. वर सरकून गळ्याला लागत असेल तर तो हार्नेस असून उपयोग नाही.
४. काखेत घासतोय का रोज बघा. केस गुंततात, कातडी सोलते. पावसात भिजला तर काढून वाळवा.
५. घरात आणि झोपताना काढून ठेवा. एकटं असताना तारेत, काटक्यात अडकायची भीती असते.
६. पिल्लाचा पट्टा, गळ्यातला असो की छातीचा, दर आठवड्याला तपासा. पिल्लू वाढतं, पट्टा वाढत नाही.

मग गळ्यातला पट्टा फेकून द्यायचा का? नाही. चिंगीच्या गळ्यात आता बोटभर रुंदीचा हलका पट्टा आहे, त्यावर माझा फोन नंबर. त्याला दोरी कधीच लावत नाही. तो ओळखीला, हार्नेस ओढीला.

आणि वाघ्याचा खिळ्यांचा पट्टा तसाच आहे. त्याला आम्ही बांधत नाही, तो रात्री मोकळा फिरतो, त्याच्या मानेला त्याची गरज आहे. चिंगीला बिबट्यापासून वाचवणारी गोष्ट पट्टा नव्हतीच. दिवस मावळायच्या आत तिला घरात घेणं आणि कडी लावणं, एवढंच होतं. ते तर आम्ही आधीपासून करत होतो. मी धास्तीपोटी वरून लोखंड घातलं.

चिंगी अजून आहे. चार महिने कधीच उलटून गेले, पोरगी न्यायचं नाव काढत नाही आणि आबा देणार नाहीत. खोकला पूर्ण गेला नाही, जाणार पण नाही असं डॉक्टर म्हणाले. पाहुणे आले की अजून बदकासारखी खोकते. तेव्हा आबा तिला मांडीवर घेऊन गप्प बसतात आणि मी दुसरीकडं बघतो.

आज रात्री कडी लावायच्या आधी आपापल्या कुत्र्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघा. आणि लहान कुत्रं बदकासारखं खोकत असेल तर हळद-दुधात दिवस घालवू नका, डॉक्टरांकडं न्या. जीभ निळी दिसली तर त्याच घडीला.

उद्या करप्यावर बोलू. राम राम.